डावी बाजू

लाइल ब्रँडवोल्ड पहिल्यांदा दिव्याच्या स्टँडला धडकला तेव्हा आम्ही सगळे हसलो. तोही हसला. दुसऱ्यांदा धडकला तेव्हा त्याने दिवेवाल्यालाच झापलं, वाटेत कशाला ठेवलास म्हणून. तिसऱ्या खेपेला बाकीचे पुन्हा हसले, थेल्मा मात्र हसली नाही.

थेल्मा ऑर्कट आमच्या युनिटमध्ये कंटिन्युइटी बघायची. नटाच्या हातातली सिगारेट मागच्या शॉटला केवढी उरली होती, टोपी कुठे कलली होती, जखमेची पट्टी कुठल्या गालावर होती, हे तिच्या ध्यानात असे. लाइलच्या प्रत्येक सिनेमाला ती होती. मी आवाज रेकॉर्ड करायचो. यातलं काही मी पाहिलं, काही कानाला लावलेल्या यंत्रातून ऐकलं, उरलेलं थेल्माने मला पुढे कधीतरी सांगितलं.

लाइल मूळचा डुलुथचा. तिकडे सरोवर गोठतं आणि लोक त्यावर गाड्या चालवतात. त्याचा बाप पोलीस चौकीत टेबलावर बसणारा सार्जंट. शाळा सुटली की पोरगा बापाशेजारच्या बाकावर बसून पकडून आणलेल्या माणसांचं बोलणं ऐकत राही. तो आम्हाला सांगायचा की चोर चोरीविषयी बोलतच नाहीत. बूट चावतोय म्हणतात, घरी कुत्र्याला कोण खायला घालणार म्हणून विचारतात. त्याच्या सिनेमातले दरोडेखोर तसेच बोलायचे, आणि म्हणूनच ते खरे वाटायचे.

दुसरं महायुद्ध संपल्यावर तो लॉस एंजलिसला आला. आधी फिल्म कापण्या-जोडण्याचं काम केलं, मग गुन्हेगारीचे स्वस्तातले सिनेमे काढू लागला. सेट बांधायला पैसे नसत, म्हणून तो थेट रस्त्यावर, खऱ्या दुकानांसमोर शूटिंग करी. त्यातला एक, स्वतःच्याच बँकेवर डल्ला मारणाऱ्या कॅशियरचा, फार गाजला. लोकांना वाटलं, आता हा मोठा होणार. पण तेवढ्यात टीव्ही आला, तसले सिनेमे बंद पडले, आणि पुढची कितीतरी वर्षं लाइलने डिटेक्टिव्ह मालिका काढण्यात घालवली. खुनी शेवटच्या जाहिरातीआधी सापडलाच पाहिजे, एवढीच तिथे अट. या काळात बायको गेली. मूलबाळ नव्हतं.

अशात साठी जवळ आलेली असताना एका स्टुडिओने त्याला बोलावून मोठा सिनेमा दिला. सॅन पेड्रोच्या बंदरातली लूट, आणि शेवटी उतारावरून धक्क्यापर्यंत गाड्यांचा पाठलाग. अशी संधी पुन्हा येणार नाही, हे त्यालाही कळत होतं आणि आम्हालाही. सिनेमाचा विमा उतरवणाऱ्या कंपनीच्या डॉक्टरने त्याला तपासलं. भिंतीवरची अक्षरं लाइलने शेवटच्या बारीक ओळीपर्यंत धडाधड वाचली. बाजूचं दिसतं का, असं कोणी विचारलं नाही.

तिसऱ्या धडकेनंतर थेल्मा दुपारी त्याच्याबरोबर बंदरावरच्या मासळीच्या हॉटेलात जेवायला गेली आणि मुद्दाम त्याच्या डाव्या बाजूला बसली. तळलेला मासा आला. लाइलने विचारलं, "मीठ कुठाय गं?"

"तुझ्या डाव्या हाताशी. मघापासून हातात धरून बसलेय मी."

त्याचा घास तोंडातच राहिला. मग त्याने मान पूर्ण वळवली आणि मिठाची बाटली तिच्या हातातून घेतली.

"काचबिंदू आहे," तो म्हणाला. "दोन वर्षं झाली. डावीकडचं गेलं, उजवीकडचं थोडं उरलंय. समोरचं मात्र लख्ख दिसतं. तुझ्या हनुवटीला सॉस लागलाय, तोसुद्धा दिसतोय."

"लाइल, आपल्याला गाड्या पळवायच्यात."

"म्हणून तर तू आहेस."

तिथे बसल्या बसल्याच त्यांचं ठरलं. शॉटच्या वेळी थेल्माने त्याच्या डाव्या अंगाला उभं राहायचं. ती बाजू मोकळी असली की त्याच्या कोपराला हात लावायचा. मग लाइल नेहमीसारखा हातातला पांढरा रुमाल खाली सोडणार, आणि त्या इशाऱ्यावर गाडी सुटणार. इशारा दुसऱ्या कोणाला देऊ दे, असं थेल्माने सुचवलं, पण तो ऐकेना. आजवर रुमाल त्यानेच सोडला होता. आज दुसऱ्याच्या हातात दिला तर स्टुडिओचा माणूस लगेच विचारेल, का?

त्या दिवसापासून थेल्माची झोप उडाली. डोळे मिटले की तिला डाव्या बाजूने कोणीतरी येताना दिसे, कधी लहान मूल, कधी सायकलवाला. जेवण जाईना. सेटवर ती सतत मान वळवून वळवून बघायची. मी विचारलं तर म्हणाली, मान आखडलीय. गाडी चालवणाऱ्या गस पावलिकला बघितलं की ती वाट बदलायची. गस म्हणजे आमचा स्टंटवाला, बोलायला कमी, हाडं अनेकदा मोडून घेतलेला. लाइलचा रुमाल पडला की तो मागेपुढे न बघता गाडी सोडायचा.

पाठलागाची रंगीत तालीम होती. ढग येत होते आणि ऊन जायच्या आत तालीम उरकायची लाइलला घाई झाली होती. तेवढ्यात मुख्य नटाच्या कोटाचं बटण चुकीचं लागलंय म्हणून कोणीतरी थेल्माला हाक मारली. ती धावत गेली. परत वळून बघते तो लाइलचा रुमाल खाली चाललेला.

डावीकडच्या गल्लीतून आन्ते झुविच केबल ओढत रस्त्यावर आला होता. आन्ते तिथल्याच मासेमार वस्तीतला, आमच्याकडे केबलचं काम करायचा. गसने त्याला पाहिलं आणि स्टिअरिंग फिरवलं. गाडी मासळीच्या रिकाम्या पेट्यांच्या ढिगात शिरली. माझ्या कानातल्या यंत्रात फळ्या मोडल्याचा एवढा आवाज झाला की मी ते उपटून फेकलं.

कोणी मेलं नाही. गसचं मनगट मुरगळलं. आन्ते रस्त्याच्या मधोमध केबल हातात धरून उभाच राहिला, त्याला हलताच येईना. स्टुडिओचा माणूस हॅस्केल तावातावाने आला आणि इशारा झाल्यावर तू रस्त्यात काय करत होतास, असं विचारत त्याने आन्तेला तिथल्या तिथे कामावरून काढलं. आन्ते म्हणाला की मी मिस्टर ब्रँडवोल्डच्या अगदी डाव्या हातालाच होतो, मला वाटलं त्यांनी मला पाहिलंय. हॅस्केलने लाइलकडे बघितलं. लाइल रुमाल घडी करून खिशात ठेवत राहिला.

संध्याकाळी थेल्मा त्याच्या खोलीवर गेली. तो खिडकीपाशी बसला होता. तिने सरळ सांगितलं की आन्तेच्या घरी दोन मुली आहेत, आणि त्याची काही चूक नव्हती.

"मी त्याला दुसरीकडे लावून देईन."

"आणि गस? त्यालाही दुसरीकडे लावून देणार?"

लाइल म्हणाला, "अवघड असा हा एकच शॉट राहिलाय गं, बाकी सगळे बोलण्याचे प्रसंग. हा झाला की सिनेमा माझा झाला. आज बोललो तर उद्या दुसरा कोणी येऊन माझ्या खुर्चीत बसेल."

"ते मला ठाऊक आहे."

"उद्या तू आली नाहीस तरी मी काही म्हणणार नाही."

"मी आले नाही तर काय होईल, तेही ठाऊक आहे मला," थेल्मा म्हणाली आणि निघून आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती सगळ्यांच्या आधी पोचली. उतारावर गस टायर तपासत होता, मनगटाला पट्टी बांधलेली. त्याला सांगून टाकावं असं ठरवूनच ती त्याच्याजवळ गेली होती. पण तिने तोंड उघडायच्या आधीच तो म्हणाला, "काळजी करू नकोस. काल त्या केबलवाल्याने घोळ घातला. लाइलचा इशारा चुकत नाही." थेल्मा तशीच परत फिरली, ते मी लांबून पाहिलं.

सगळे जागेवर गेले. पोलिसांनी दोर बांधून रस्ता अडवला. गाडीचं इंजिन घरघरत होतं. लाइलने रुमाल वर धरला. थेल्मा त्याच्या डाव्या अंगाला, मी दोघांच्या मागे. तिने गल्ली बघितली, दोर बघितला, पुन्हा गल्ली बघितली आणि त्याच्या कोपराला हात लावला.

रुमाल पडला नाही.

तिने पुन्हा हात लावला. हॅस्केलने मान उंचावली. लाइलने हळूच हात खाली घेतला, रुमाल मुठीत आवळला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात बोलला, "थेल्मा, मला डावीकडचं दिसत नाही. काय आहे तिथे ते मोठ्याने सांग."

रस्त्यावर नुसता इंजिनाचा आवाज राहिला. थेल्माने ओठ ओले केले.

"गल्ली मोकळी आहे. पोलीस दोराच्या पलीकडे आहे. थांब. एक बाई दारातून बाहेर आलीय. हातात बादली आहे. थांब, लाइल."

लाइलने हात पुन्हा वर नेला.

"पाणी ओततेय. आत वळली. दार लावलं." तिने श्वास घेतला. "आता."

रुमाल पडला. गाडी उतारावरून आली, वळणावर मागची चाकं घसरली, सावरली, आणि धक्क्याच्या अगदी कडेला येऊन थांबली. हवा होता तसाच शॉट मिळाला. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत.

गस गाडीतून उतरला आणि चालत लाइलसमोर येऊन उभा राहिला. हॅस्केलने धक्क्याकडे धावत जाऊन काय घडलं ते एव्हाना गसच्या कानावर घातलं होतं.

"काल?" त्याने विचारलं.

"काल माझी चूक होती. आन्तेची नाही."

गस पाठ फिरवून गेला. तो लाइलशी पुन्हा कधी बोलला नाही, आणि लाइलने त्याला त्याबद्दल कधी दोष दिला नाही.

हॅस्केल टेलिफोनकडे निघाला होता. लाइलने त्याला अडवलं आणि आधी आन्तेला बोलावणं पाठवायला लावलं. स्टुडिओला काय सांगायचं ते त्यानंतर सांग, म्हणाला. आन्ते त्याच दुपारी कामावर परत आला. त्या आठवड्यातच लाइलच्या जागी एक तरुण दिग्दर्शक आला. हुशार होता, पण चोराचा बूट कुठे चावतो, हे त्याने नटांना कधी विचारलं नाही.

थेल्मा शेवटपर्यंत त्या कामावर राहिली. तिने सोडलं असतं तर कुठला शॉट कुठे जोडायचा, हे कोणालाच कळलं नसतं. लाइलला मात्र तिचं राहणं लागलं. ती आपल्यामागोमाग निघून येईल असं त्याने गृहीत धरलं होतं. तिने केलेले फोन त्याने घेतले नाहीत. सिनेमा लागला, बऱ्यापैकी चालला, पडद्यावर दोन्ही दिग्दर्शकांची नावं आली. लाइल बघायला गेला नाही. पुढे डोळ्यांचं ऑपरेशन झालं, उपयोग झाला नाही, आणि त्याने आणखी सिनेमा केला नाही.

वर्षभरानंतर एका रविवारी लाँग बीचला थेल्माच्या दारात टॅक्सी थांबली. चालक लाइलचा हात धरून त्याला पायऱ्यांपर्यंत घेऊन आला. त्याच्याकडे कागदी पिशवीत स्वतःच्या झाडाची लिंबं होती. थेल्माने त्याला खुर्चीत बसवलं, कॉफी ठेवली. बराच वेळ दोघं लिंबांविषयी, तिच्या बहिणीच्या गुडघ्यांविषयी बोलत राहिले.

मग लाइलने कप खाली ठेवला. "तू बघितलास ना तो? खरं सांग. कसा आहे?"

थेल्माने विचार केला. "पहिला अर्धा चांगला आहे," ती म्हणाली. "पुढे माणसं फार बोलतात."

"कशाविषयी?"

"चोरीविषयी."

लाइल इतका हसला की त्याला ठसका लागला. थेल्मा उठली, पाणी आणलं, आणि पेला त्याच्या हातात नीट बसेपर्यंत धरून राहिली.