वाकड्या नाशपातींवर बंदी

गर्भवती बाई उदास झाली की बाळाचा स्वभाव जन्माचा बिघडतो, हे सत्य आम्हा कोरियन माणसांना सूर्यप्रकाशाइतकं स्वच्छ दिसतं. आमचा चान्उक पोटात असताना त्याच्या आईने उभे नऊ महिने फक्त सुंदर गोष्टी पाहिल्या. फळ समोर आहे. आत्ता सोफ्यावर तोंड उघडं टाकून घोरतंय.

तरी सूनबाईला, दासोमला, दिवस गेले आणि घरात तोच कायदा लागू झाला. वाकडं फळ खायचं नाही (बाळ वाकडं निघतं), रडकी मालिका बघायची नाही, बाळासाठी दिवसभर मोबाइलवर बासरी लावायची. चौथ्या महिन्यात तिची आजी वारली. बिनआईबापाच्या पोरीला आजीनेच वाढवलेलं. पण पोटुशीने मयताला जायचं नसतं. चान्उक एकटाच गेला. येताना आजीच्या बागेतल्या नाशपातींची पेटी घेऊन आला. सगळ्या वाकड्या. सरळ असत त्या आजी विकून टाकी. आमच्या बायकोने पेटी बाल्कनीत हद्दपार केली.

दासोम हसतच होती. "किती गुणाची बघा," बायको म्हणे. "एक टिपूस काढलं नाही."

एका दुपारी मी त्या नाशपाती चोरायला बाल्कनीत गेलो, तर दासोम तिथे आधीच बसलेली. हातात एक, न खाल्लेली.

"सापडला चोर!" मी म्हणालो.

"चवच लागत नाही, बाबा. कशालाच. झोपही नाही. बाळ लाथ मारतं तेव्हा आई बघत असतात, म्हणून हसते." ती थांबली. "बाळाने दुसरं घर बघायला हवं होतं, असं वाटतं."

हजरजबाबी म्हणून मी गल्लीत प्रसिद्ध. पण मुकाट्याने डॉक्टरांचा नंबर शोधू लागलो. दुसऱ्या दिवशी तिला डॉक्टरीणबाईंकडे नेलं.

"हे नैराश्य आहे, उपचार करू," त्या म्हणाल्या. "आणि घरी हिच्या हसण्यावर पहारा नको."

घरी आल्यावर हे ऐकून बायको उसळली. "रडली तर बाळाला लागेल!"

"आणि हिला लागलंय त्याचं काय?" मी विचारलं.

"माझ्या सासूबाईंनी मला रडू दिलं होतं का?"

"मग तू काय केलंस?"

"न्हाणीघरात नळ सोडून रडायचे," म्हणाली, आणि उठून गाडीची किल्ली शोधू लागली.

आजीच्या कबरीपुढे दासोमने एक वाकडी नाशपाती ठेवली आणि गवतात बसून मोठ्याने रडली. बायको शेजारी बसून तिच्याहून मोठ्याने. मी घसा खाकरला. दुःख आणि पिढ्या या विषयावर चार शब्द तयार होते.

दासोमने नाक पुसलं.

"आई, एक मागू?"

"माग गं राणी, काहीही माग!"

"तुमच्या पिशवीतली ती बासरी बंद करा ना."