केराक्काची मूठ

जुळे सोलापूरच्या शेवटच्या बिल्डिंगी जिथं संपतात, त्याच्या पलीकडं धनगरांची एक वाडी आहे. बिल्डिंगीतली माणसं गॅलरीत उभी राहून वाडीच्या मेंढरांचे फोटो काढतात आणि वास आला की खिडक्या लावून घेतात. वाडीला त्याचं काही नाही. वाडीचं आपलं बिरोबाचं देऊळ आहे, देवळापुढं कडुनिंब आहे आणि कडुनिंबाखाली बसणारे पाच पंच आहेत. कोर्टकचेरी सोलापुरात असेल तर असू दे, वाडीच्या भांडणाचा निकाल वाडीतच लागायचा, असा जुना शिरस्ता.

निकालाची रीतही वाडीची स्वतःची. बोलणं संपलं की पाची पंचांच्या तळहातावर भंडारा पडतो. मुख्य पंच बिरोबाच्या नावानं चांगभलं म्हणतो, पाचीजण मूठ उधळतात, सगळ्यांची डोकी पिवळी होतात आणि निकाल पक्का होतो. हातात घेतलेला भंडारा परत पिशवीत जात नाही आणि भुईवर सांडायचाही नाही. एक तर उधळायचा, नाहीतर कुणाच्या कपाळाला लावायचा. पाची मुठी रित्या झाल्याशिवाय बैठक सुटत नाही. आजवर कुणी मूठ राखली नव्हती, त्यामुळं राखली तर काय होतं हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

पंचाचा मान घराला असतो. केराबाईचा नवरा पंच होता. तो गेला, पोटी मुलगा नाही, पोरी नांदायला गेलेल्या, म्हणून मान तिच्याकडं आला. म्हणजे आला असं सगळे तोंडानं म्हणाले. मनात एकेकाच्या हेच, की बाई आहे, बसेल पदर सावरून आणि चौघं उधळतील तेव्हा उधळेल. बांधाची भांडणं होती तोवर तिनं उधळलीही. त्यात अडवायचं काय होतं?

मग भारतची भानगड पुढं आली.

भारत हा वाडीतलाच, रुपालीचा नवरा, एका पोरीचा बाप. लग्नानंतर वर्षभरानं त्याच्या कानात बोलणी ऐकू यायला लागली. रुपालीनं देव केले, अंगारे केले, शेवटी कुणाला न विचारता त्याला सोलापूरच्या मोठ्या सरकारी दवाखान्यात नेलं. तिथल्या गोळ्यांनी माणूस पुन्हा माणसात आला. मेंढरं नेऊ लागला, पोरीला खांद्यावर घेऊन शाळेत सोडू लागला. आणि यंदा दसरा धरून तिसऱ्या दिवशी त्यानं भर सकाळी कुऱ्हाडीचा दांडा डोक्यात घालून हरिबाचा मेंढा मारला. हरिबा आडवा गेला, तर त्याचाही हात मोडला. हरिबा म्हणजे केराबाईचा सख्खा भाऊ, आणि मेंढा म्हणजे हरिबाचा जीव. त्यामुळं दुसऱ्या दिवशी सकाळी बसलेल्या बैठकीत केराबाई काय करणार हे सगळ्यांना आधीच माहीत होतं. निदान त्यांना तसं वाटत होतं.

मुख्य पंच तिप्पण्णा. वयानं मोठा, शब्दाला वजन, अंगात देव येणारा. त्यानं घसा खाकरला आणि समोर बसलेल्या भारतला विचारलं, "खरं सांग. हरिबाचा मेंढा तू मारलास?"

"व्हय."

"हरिबाचा हात तू मोडलास?"

भारतनं हरिबाच्या प्लास्टरकडं बघितलं आणि त्याचा चेहरा कसनुसा झाला. "मोडला आसंल. त्यो मधी आला. त्याला लावायचं न्हवतं मला."

"मेंढ्यानं तुजं काय वाकडं केलतं?"

"मेंढा न्हवता त्यो," भारत म्हणाला. "पोरीला न्यायला आलता. रातभर सांगत व्हता, उद्या नेतो, उद्या नेतो."

मागं बसलेलं कुणीतरी फिस्सकन हसलं. रुपालीनं पोरीला पोटाशी धरलं. तिप्पण्णा पंचांकडं वळला. "कबूल केलंय त्यानं. आता सवाल दोनच. शाना आसंल तर बायकापोरीसकट वाडीतनं भाईर. येडा आसंल तर साखळी. देव बरा करील तवा सुटंल."

साखळी तयारच होती. देवळाच्या मागच्या खांबाला एक टोक बांधून कुणीतरी दुसरं मोकळं सोडलं होतं. केराबाईनं येतानाच ती बघितली होती आणि तेव्हापासून तिचं डोकं तापलं होतं. निकाल लागायच्या आधी साखळी बांधणारे हे कसले पंच? नवरीचा पत्ता नाही आणि वाजंत्री दारात.

"साखळीत बसून बरा झालेला एक मानूस दावा मला," ती म्हणाली.

 महेश्वर नावाचा पंच, जो प्लॉटच्या दलालीत चार पैसे कमावून बुलेटवर फिरत होता, समजुतीच्या सुरात म्हणाला, "केराक्का, मग भाईर काढू या म्हनता का?"

"न्हाई."

"दोनातलं एक घ्यावंच लागतंय की."

"का घ्यावं? त्यो शाना न्हाई आन येडाबी न्हाई. त्यो आजारी हाय. कावीळ झाल्याला मानूस तुमी खांबाला बांधता का?"

आता हरिबाला राहवलं नाही. तो प्लास्टरचा हात पुढं करून उठला. "आक्का, तू माजी भन हायेस का त्याची?"

"तुजी भन घरात. हितं पंच हाय मी. खाली बस." हरिबा बसला नाही, तेव्हा ती जरा मऊ झाली. "हरिबा, मेंढ्याचं मलाबी लागलंय रं. माज्याच हातनं मका खायाचा त्यो. पर ह्याला साखळी घातली म्हनून त्यो उठून हुबा ऱ्हानार हाय का?"

हरिबा खाली बसला.

"हातनं घडलंय ते घडलंय," तिप्पण्णा म्हणाला. "ज्याच्या हातनं घडलं त्यानं भोगायचं. ही रीत हाय."

"तिप्पाण्णा, दसऱ्याला तुमच्या अंगात देव आला," केराबाई म्हणाली. "तलवार फिरवताना म्हेश्वराच्या दंडाला लागली. टाके पडले. तवा कुनी म्हनलं का, की तिप्पाण्णाच्या हातनं घडलंय, घाला साखळी? आमी समद्यांनी तुमच्या पाया पडून भंडारा लावला. म्हेश्वरानंबी लावला."

महेश्वरनं शर्टाची बाही खाली ओढली.

"त्यो देव व्हता," तिप्पण्णा म्हणाला. आवाज चढला नव्हता, पण कपाळाची शीर उठली होती. "देवाची आन ह्याची बरूबरी करती का तू?"

"बरूबरी न्हाई करत. इचारती. तुमच्या अंगात आलं ते तुमी बलावलं न्हवतं. ह्याच्या कानात बोलतंय ते काय ह्यानं बाजारातनं इकत आनलंय?"

बायकांच्या घोळक्यात खसखस पिकली आणि लगेच दबली. आपला तो बाळ्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, हा न्याय जगभर चालतो, पण तोंडावर बोलून दाखवला की माणसाला झोंबतो. केराबाईला झोंबवायचंच होतं. तिनं रुपालीकडं मान वळवली.

"रुपाली, ह्याच्या गोळ्या कवा बंद झाल्या?"

रुपाली खाली बघत राहिली. तिप्पण्णा तिच्या सासऱ्याचा चुलतभाऊ, ती त्याला आण्णा म्हणायची. त्याच्यासमोर तिनं आजवर डोक्यावरचा पदर ढळू दिला नव्हता, तोंड उघडणं दूरच.

"तुला कुनी काय करत न्हाई. मी बसलीया हितं. बोल."

"घट बसले तवा," रुपाली म्हणाली.

"का बंद केल्या?"

"ह्येंनी नवरात धरलं व्हतं. आण्णा म्हनले, उपासात गोळी पोटात गेली तर उपास मोडतोय. देवाला चालत न्हाई म्हनले. म्या म्हनलं, डाक्टरनं एक दिसबी चुकवू नका म्हनून सांगितलंय. तर म्हनले, डाक्टर मोठा का बिरोबा मोठा." एवढं बोलली आणि तिला रडू फुटलं. "म्या काय सांगू मग?"

 नवरात्राचे नऊ दिवस, दसरा आणि वर दोन दिवस. हिशेब मांडायची गरज नव्हती, प्रत्येकाच्या मनात तो आपोआप झाला. हरिबा मान खाली घालून प्लास्टरवरून अंगठा फिरवत बसला.

तिप्पण्णाचा चेहरा उतरला होता. "त्याच्या बऱ्यासाटीच सांगितलं म्या," तो म्हणाला.

"वाईटासाटी सांगितलं आसं कोन म्हनतंय? तुमालाबी साखळी घाला म्हनत न्हाई मी. फकस्त चोर सोडून संन्याशाला फाशी देऊ नगा. आजच्या आज ह्याला दवाखान्यात न्या. हरिबाची भरपाई मेंढरानं करा, मी माज्यातलं एक देती. झाला निकाल."

इथं तिप्पण्णानं मान हलवली असती तर गोष्ट संपली असती. पण सगळ्या वाडीपुढं एका बाईनं, तीही बायकांना हसवून, माप पदरात घातलेलं. माणूस वाईट नव्हता, अडला होता. त्यानं पिशवी उघडली आणि पाची हातांवर भंडारा घातला. "चौगांचं मत साखळीचं हाय. बिरोबाच्या नावानं चांगभलं."

चार मुठी उधळल्या. महेश्वरची जरा उशिरा उधळली, पण उधळली. केराबाईनं मूठ मिटून मांडीवर ठेवली.

"उधळ," तिप्पण्णा म्हणाला.

"न्हाई."

"बैठक सुटायची न्हाई."

"नगं सुटू दे."

ऊन वर आलं. वाघरेच्या जाळीत कोंडलेली मेंढरं पाण्यासाठी ओरडू लागली. एका पंचाची मांडी आखडली, दुसऱ्याला तंबाखूची तलफ आली, महेश्वरचा मोबाईल सारखा वाजत राहिला आणि तो सारखा कापत राहिला. कुणाला तरी प्लॉट दाखवायचा होता. पंचांनी जागचं हलायचं नाही, आणि निकाल लागेपर्यंत साखळीला हात लावायचा नाही. रीत सगळ्यांना बांधून बसली होती. फक्त भारत मोकळा होता, पण त्याचं बोट कानात होतं आणि तो पुटपुटत होता, नको, नको.

ते बघितलं आणि केराबाई उठली. "रुपाली, दवाखान्याचे कागद घे. फोन करून रिक्षा बलाव."

"पंच उठला तर बैठक मोडती," तिप्पण्णा म्हणाला.

"मोडत न्हाई. मूठ माज्याजवळ हाय, तवा बैठक माज्यासंगं चालली. मी येईस्तवर तुमी बसा."

रुपालीनं पोरीला सासूजवळ दिलं. रिक्षा आली, पण भारत चढेना. आत कुणीतरी बसलंय म्हणाला. रुपाली विनवू लागली, केराबाई एका हातानं ओढू लागली. शेवटी हरिबाच तणतणत पुढं आला. "बस रं बाबा. तुज्या भ्यानं माजा हात मोडला, आता माजं ऐक तरी. आत कोनबी न्हाई. हे बघ, मी बसतो आदी." तो बसला, प्लास्टर सावरत सरकला, आणि त्याच्या शेजारी भारत बसला.

दवाखान्यात गर्दी होती. केराबाईनं उजवी मूठ मिटूनच सगळं केलं. अंगठा द्यायची वेळ आली तेव्हा डाव्या हाताचा दिला. डॉक्टरीणबाई तरुण होत्या. गोळ्या कशानं बंद झाल्या ते ऐकून त्या रागावल्या नाहीत, भारतलाच म्हणाल्या, "थोडे दिवस इथं राहाल का? बोलणी कमी होतील." भारतनं पोरीचं विचारलं. पोरगी नीट आहे, आजीजवळ आहे, असं रुपालीनं दोनदा सांगितल्यावर तो हो म्हणाला.

त्याला वॉर्डात न्यायच्या आधी केराबाईनं मूठ उघडली. घामानं भंडारा ओला झाला होता, बोटांच्या पेरांत बसला होता. तो तिनं भारतच्या कपाळाला लावला, अगदी शेवटचा कण निघेपर्यंत. तिचा पिवळा झालेला हात हरिबानं ओढून स्वतःच्या कपाळाला टेकवला आणि दुसरीकडं बघत म्हणाला, "चल आता, भूक लागलीया."

दिवस कलताना ती वाडीत परतली. चौघं कडुनिंबाखाली बसलेलेच होते. मेंढरांना बायकांनी पाणी दाखवलं होतं, पंचांना कुणी विचारलं नव्हतं. केराबाईनं तिप्पण्णासमोर तळहात पसरला. रिता होता, पण पिवळाधमक.

"निकाल लागला," ती म्हणाली. "कपाळाला लावून आली."

"आसं चालत न्हाई," तिप्पण्णा म्हणाला.

"मग बसा," केराबाई म्हणाली. ती देवळामागं गेली, खांबाची साखळी सोडली आणि खांद्यावर टाकून घरी निघाली. तिच्या कुत्र्याला दोर पुरत नव्हता, त्याला होईल.