चौथं शील

"निंबाभाऊ, चपला आतच घ्या. बाहीर ठेवल्या का कुत्रे नेतात," शांताबाई म्हणाली, आणि निंबाला आत शिरावंच लागलं. पेढ्यांचा पुडा दारातूनच हातात द्यायचा आणि सटकायचं, असं तो सुरतेतल्या लिंबायतच्या त्या बोळात वळेपर्यंत ठरवत आला होता.

खोलीत पंधरा-वीस माणसं दाटीवाटीने बसली होती. समोर टेबलावर पांढरं कापड, त्यावर बुद्धाची मूर्ती, मेणबत्त्या आणि मोगरा. बुद्धपौर्णिमेची वंदना दरवर्षी वस्तीतल्या बौद्ध मंडळातल्या एकेका घरी होई. यंदा पाळी शांताबाईच्या नवऱ्याची, गणपतची होती. गणपत भिंतीपाशी बसला होता, उजवा हात मांडीखाली दाबून. निंबाला पाहताच त्याने सरकून जागा केली.

निंबा त्याच्याजवळ जाऊन बसला खरा, पण त्या मांडीकडे बघणं त्याने टाळलं. हाताची तीन बोटं गेली होती आणि ती निंबामुळे गेली होती.

दोन वर्षांपूर्वीची, प्लेगच्या सालची गोष्ट. सुरत रिकामी झाली होती आणि दिवाळीच्या तोंडावर पुन्हा भरत होती. कापडाच्या कारखान्यातले माग महिनाभर बंद पडलेले, शेठला भलती घाई. निंबा त्या कारखान्यात जॉबर, म्हणजे बिघडलेले माग दुरुस्त करणारा. माग सुरू करण्याआधी जॉबरने 'चालू!' म्हणून मोठ्याने ओरडायचं, हा नियम पोरासोरांनाही पाठ. त्या दिवशी निंबा ओरडला नाही. नुसतं बटण दाबलं. त्या मागावरचा कारागीर गणपत खाली वाकून दातेरी चाकातला कचरा काढत होता.

इथवर चूक होती. चूक कोणाच्याही हातून होते. पुढचं जे झालं त्याला मात्र चूक म्हणता येत नव्हतं. चूक कोणाची ते शेठने विचारलं, "कोनी भूल?" आणि निंबाच्या तोंडून निघून गेलं, "गणपत पिऊन आला होता, शेठ."

गुजरातेत दारूबंदी. शेठला आयतंच सापडलं. भरपाईचं नाव काढलंस तर पोलिसांना बोलावतो, असं त्याने गणपतला दवाखान्यातच ऐकवलं. गणपतने नाव काढलं नाही आणि तो कडोदऱ्याला एका मिलच्या फाटकावर वॉचमन म्हणून लागला. पण बातमी वस्तीत पोचलीच. त्याआधी अकरा वर्षं गणपत मंडळाची वंदना घ्यायचा. तो पुढे म्हणायचा, बाकीचे मागून. जो दारू पितो तो दारू न पिण्याचं शील इतरांना कसं देणार? मंडळाने गोड बोलून ते काम शाळेतल्या मास्तरांकडे दिलं. गणपत मागच्या रांगेत बसू लागला.

निंबाने हे फक्त बायकोला सांगितलं होतं. आज घरून निघताना उषा एवढंच म्हणाली, "जाय. पन तठे जास्त बोलू नको."

आमंत्रण द्यायला गणपत स्वतः निंबाच्या कारखान्याच्या फाटकाशी आला होता. काहीतरी बोलायचं म्हणून निंबाने विचारलं, "हात दुखतो का रे अजून?"

"दुखते ना. थंडीत जास्त," गणपत म्हणाला. "बुद्धानं दुःख हाये असंच सांगतलं, नाही असं नाही सांगतलं. पण हात गेला हे एक दुःख. कोनामुळं गेला, काहून गेला, हे उगाळत बसनं दुसरं. ते माह्यं मीच वाढवून राह्यलो होतो. सहा महिने तुह्यं नाव निघालं का घास उतरत नव्हता. मंग सोडलं एकदाचं." मग म्हणाला, "माह्यं मी पाह्यलं. तुह्याजवळचं तू पाय."

एवढं बोलून तो निघून गेला. त्याने शिव्या घातल्या असत्या तर निंबाला त्या रात्री झोप लागली असती.

"सगळ्यांनी उभं राहा," मास्तर म्हणाले. माणसं उठली. गणपतची मुलगी सुवर्णा निंबाच्या कानाशी येऊन म्हणाली, "काका, मास्तर म्हणतील ते आपण फक्त मागून म्हणायचं."

मास्तर आधी पालीत म्हणत, मग मराठीत अर्थ. जीवहिंसेपासून अलिप्त राहीन. चोरीपासून अलिप्त राहीन. निंबा सगळ्यांच्या आवाजात आवाज मिसळून म्हणत गेला. तिसरंही म्हटलं. त्याला वाटलं, निभावलं बहुतेक.

"मी खोटं बोलण्यापासून अलिप्त राहीन."

सगळे म्हणाले. निंबाचे ओठ उघडले, पण आवाज निघेना. शेजारी गणपतने म्हटलेलं त्याला स्पष्ट ऐकू आलं. सुवर्णाला वाटलं, काकांना ऐकू आलं नाही. तिने मास्तरांना खूण केली आणि त्या भल्या माणसाने नवख्या पाहुण्यासाठी तेच शील पुन्हा म्हटलं, सावकाश, शब्द तोडून. आता सगळी खोली निंबाकडे बघत होती.

"मला नाही म्हणता येणार," निंबा म्हणाला. "गणपत पिला नव्हता. त्या दिवशी मी आवाज दिला नाही आणि बटण दाबलं. नोकरी जाईल म्हणून शेठला खोटं सांगितलं. तो कधीच पिला नव्हता."

निंबा गणपतकडे बघत होता. तो थोबाडीत मारेल तर बरं, असं त्याला वाटत होतं. पण आवाज आला तो स्वयंपाकाच्या कोपऱ्यातून.

"दोन वर्सं," शांताबाई म्हणाली. ती निंबाशी बोलत नव्हती, नवऱ्याशी बोलत होती. "दोन वर्सं मी रोज तुमच्या तोंडाचा वास घेत होती. कामावरून आले का पाण्याचा गिलास द्यायच्या निमतानं."

"मले मालूम होतं," गणपत म्हणाला.

"मंग बोलले काहून नाही?"

"बोललो असतो तरी तुले शंका राह्यलीच असती. म्हनून जवळ येऊन पानी मांगत जाय. तुले वास घ्यायले सोपं जावं म्हनून."

शांताबाईने पदर तोंडाला लावला. निंबाला वाटत होतं, आपण एका माणसाची बोटं आणि नाव घालवलं. या घरात रोज संध्याकाळी काय चाललं होतं, ते त्याच्या हिशेबातच नव्हतं. एवढी लाज त्याला उभ्या आयुष्यात वाटली नव्हती.

मास्तर टेबलापासून बाजूला झाले. "गणपतराव," ते म्हणाले, "पाचवं तुम्ही घ्या."

गणपत पुढे गेला. इतका वेळ झाकलेला हात त्याने बाहेर काढला, डाव्या हाताला जोडला आणि मद्यापासून अलिप्त राहण्याचं शील खणखणीत आवाजात म्हटलं. सगळ्यांनी मागून म्हटलं.

मग खीर वाटली. निंबापर्यंत शांताबाई सगळ्यात शेवटी आली. त्याचा हात पुढे होईना.

"घ्या," ती म्हणाली.

त्याने वाटी घेतली आणि मान खाली घालून एकेक चमचा खाल्ला. वाटी रिकामी होईपर्यंत ती तिथून हलली नाही.