मोकळा हौद

इंद्रायणीने मोजायचा बांबू हौदात सोडला आणि तो खडकन तळाच्या सिमेंटवर आपटला. तिने जागा बदलली. पुन्हा तेच. दिवाळीआधी आली तेव्हा इथेच बांबू छातीएवढा गाळात रुतला होता आणि वर ओढताना हिरवट-काळा लपका हातमोज्यांना चिकटला होता. आता हौदात वीतभर नितळ पाणी होते.

"बघून घ्या बराबर," काठावरून सरपंच आबाराव म्हणाले. "कुठं चमचाभर राह्यला आसंल तर सांगा."

कातडी कमावण्याचा हा नदीकाठचा कारखाना बंद पडून सहा वर्षे झाली होती. आता ती जागा गावाला मिळणार होती. शेडमध्ये आठवडी बाजार, हौदांच्या जागी बाग आणि खाली उतरता घाट. आराखडा करणाऱ्या औरंगाबादच्या कचेरीने माती-पाणी तपासायला नुकत्याच एम.एस्सी. झालेल्या इंद्रायणीला नेमले होते. हौदातला गाळ क्रोमियमने भरलेला निघाला. तो पिंपांत भरून दूर नेऊन बंदिस्त जागी पुरून टाकावा, असे तिने अहवालात लिहिले होते.

"आबा, गाळ कुठाय?"

"काढला की. सगळं गाव लागल्तं. ट्रॅक्टरवाल्यांनी डिझेल बी मागितलं न्हाई."

"पण तुम्हाला काढायला सांगितलं कोणी?"

आबाराव हसले. "घ्या! तुम्हीच, ताई. मागं सभेत म्हणल्या न्हाईत का, गाळ निघाल्याबिगर काम सुरू व्हायचं न्हाई म्हणून? मंग म्हणलं, सरकारच्या पिंपांची वाट बघून राह्यलो तर नातवंडांच्या लग्नातच बाग व्हईल. तळ्याचा गाळ आम्ही दर उन्हाळ्यात काढतो. ह्यो काय वेगळाय?"

तिने बांबू घट्ट धरला. सभेत तिने एकदा क्रोमियम म्हटले होते. समोरचे चेहरे कोरेच राहिले. मग ती नुसती 'गाळ' म्हणत गेली. विष हा शब्द ओठांवर आला होता, पण लोक बिचकतील, बागच नको म्हणतील, म्हणून तिने तो गिळला होता.

"टाकला कुठं?" तिने विचारले. तळ्याचा गाळ कुठे जातो, हे तिला ठाऊक होते.

"टाकतंय कोण? रानात पांगवला. नुसतं सोनं, ताई."

शेडच्या बाजूने वच्छलाबाई आल्या. मागच्या खेपेला इंद्रायणी त्यांच्याच घरी जेवली होती. त्यांनी पदराआडून मेथीची जुडी काढली आणि तिच्या हातात दिली. पाने रुपयाएवढी रुंद, काळीभोर.

"तुमच्यासाठी काढून ठिवल्ती. आमच्या रानात आशी मेथी कधी झाली न्हाई. नात तर दुसरं कशाला हातच लावंना. सकाळी मेथी, रातच्याला मेथी."

इंद्रायणी आबारावांकडे वळली.

"आबा, तो गाळ विषारी होता," ती म्हणाली. आवाज तिला वाटला त्याहून मोठा निघाला. तिच्या सत्कारासाठी शेडपाशी हार घेऊन थांबलेली माणसे वळून बघू लागली. "त्यातलं काही खाऊ नका. जनावरांनाही घालू नका. मी तेव्हाच सांगायला हवं होतं."

मग आबारावांनी मान हलवली.

"जहर? ताई, जहरात कधी आशी मेथी येती का?"

"शहरात ऱ्हाऊन भ्याली पोरगी," मागून कोणीतरी म्हणाले आणि सगळे हसले. आबारावही हसले, समजूत घातल्यासारखे. "चला, आधी हार तर घ्या. मंग करा काय ते टेष्टिंग."

वच्छलाबाई हसल्या नव्हत्या. त्या इंद्रायणीच्या चेहऱ्याकडे बघत होत्या. त्यांनी हात पुढे करून तिच्या मुठीतली जुडी सोडवून घेतली, हौदात भिरकावली आणि गावाच्या वाटेला लागल्या. शेडच्या कोपऱ्यापर्यंत त्या चालत होत्या. मग त्यांनी लुगड्याचा घोळ हातात धरला आणि पळायला लागल्या.