सात किलो आठशे

सुई सहाच्या पुढे सरकली, जराशी मागे आली, पुन्हा पुढे गेली आणि थांबली. सहा, आणि वर तीन बारीक रेघा. शिवलीलाने काट्याला बोटाने टिचकी मारली — गंजला असेल, वस्त्यांवर न्यायचा हा काटा चार महिने कपाटावरच तर पडून होता — पण सुई थरथरली आणि परत त्याच रेघेवर येऊन बसली. लिंबाच्या फांदीला टांगलेल्या झोळीत गंगू अंगाचं मुटकुळं करून पडली होती. रडत नव्हती. झोळीत घातलेलं तेरा महिन्यांचं मूल रडत नाही याचं शिवलीलाला आधी बरंच वाटलं, आणि मग ती दचकली... अंगणवाडीत वीस वर्षं काढलेल्या बाईला आधी बरं वाटलं.

सहा किलो तीनशे. आणि पर्समधल्या फोनात, अंगणवाडीच्या अ‍ॅपवर, याच मुलीचं वजन सात किलो आठशे होतं, हिरव्या रंगात. ते शिवलीलानेच भरलं होतं, महिन्यापूर्वी, या मुलीला न बघता.

आज तरी ती वजन करायला कुठे आली होती? सकाळी ग्रुपवर पर्यवेक्षिका मॅडमचा मेसेज आला होता की प्रत्येकीने गृहभेटीचा फोटो टाकायचा, फोटोवर जागा आणि वेळ उमटलेली हवी, बारा वाजेपर्यंत, कारणे सांगू नयेत. ही वस्ती नळदुर्गच्या रस्त्यापासून दीड किलोमीटर आत, बांधाबांधाने चालत यायचं, म्हणून ती इथे येणं टाळत होती. आणि काटा आणला तो फोटोत बरा दिसावा म्हणून. मदतनीस कमलबाईने काटा पिशवीत घालताना विचारलं होतं, आज लवकर का, बाई. दोन हजारदा तरी ऐकलेला 'टिंग' तेवढ्यात वाजला होता आणि अंगठा आपोआप 'हो मॅडम' लिहायला लागला होता. कशाला हो, ते वाचायच्या आधीच.

चौदा ग्रुप. गर्भवतींचा, पोषणाचा, मतदार याद्यांचा, बचत गटांचा... नवरा सिद्धाराम जेवताना म्हणायचा, आमच्याकडं बी एखादा मेसेज टाका. हसायचा आणि ताट उचलून जायचा. छातीत धडधडतं म्हणून सोलापूरला दाखवलं, तेव्हा डॉक्टर म्हणाले की रविवारी फोन बाजूला ठेवत जा. तिने तो ज्वारीच्या कणगीत पुरून ठेवला. तरी तिला भाकरी थापताना कणगीतून टिंग ऐकू आला, पीठभरल्या हातांनी तिने ज्वारी उकरली, फोन बंदच होता, आणि तव्यावरची भाकरी करपली. त्या दिवशी ती चुलीपुढे बसून रडली होती आणि विचारलं असतं तर का ते सांगता आलं नसतं.

मग नोव्हेंबरातला तो दिवस. अकरा मुलांची वजनं राहिली होती, वस्त्या चार दिशांना, आणि संध्याकाळपर्यंत शंभर टक्के नोंद हवी होती. ती बिरोबाच्या देवळाच्या ओट्यावर जरा टेकली. मागची वजनं समोर होती. याला दोनशे ग्रॅम वाढव, हिला दोनशे... तेवढी वाढतातच की पोरं. दहा मिनिटांत अकरा मुलं जिथल्या तिथे वाढली. नंतर अर्धा तास ती नुसती बसून राहिली. पिंपळाची सावली होती, समोर कुणाचं तरी वासरू दाव्याला हिसके देत होतं, आणि फोन गप्प होता, कारण त्याला हवं ते मिळालं होतं. किती वर्षांनी मी अशी बसले होते! मला झोप येत होती, मला गाणं म्हणावंसं वाटत होतं. खोटं लिहिल्याची लाज पुढे कधीतरी वाटली असती तर चाललं असतं, पण तो अर्धा तास इतका गोड गेला होता, याची लाज... ही कुणाला सांगणार?

रात्री ग्रुपवर तिच्या केंद्राचं नाव पहिलं आलं. टाळ्या वाजवणारे हात, ओळीने. डिसेंबरात ती वस्त्यांवर जाणारच होती. जानेवारीतही जाणारच होती. दोन्ही वेळा आकडे ओट्यावरच वाढले.

"किती भरलं, बाई?"

मल्लम्मा, गंगूची आजी, पदराला हात पुसत उभी होती. लेक-सून दोघंही दिवाळीनंतर निपाणीकडे ऊसतोडीला गेले, तेव्हापासून नातीला हीच सांभाळत होती. चार शेळ्या, एक नात आणि मोतीबिंदू झालेला एक डोळा. शिवलीलाने झोळीतून गंगूला उचललं. उचलायला जेवढा जोर लावला तेवढा लागलाच नाही, आणि हात थोडे जास्तच वर गेले. दंडावरची कातडी सैल होती. मुलीने तिच्या मंगळसूत्राकडे बघितलं, पण धरायला हात पुढे केला नाही.

"बरं नव्हतं का हिला, मावशी?"

मल्लम्मा खाली बसली आणि सांगू लागली. संक्रांतीच्या पुढेमागे जुलाब लागले, आठ दिवस होते. थांबले, पण पोरगी खाईना, नुसती पडून राही. मल्लम्माला वाटलं, नळदुर्गच्या दवाखान्यात न्यावी. शेळ्या कुणाकडे तरी सोडायच्या आणि जायचं, असं ठरवून तिने सुनेला फोन लावला होता.

"श्रीदेवी म्हनली, अत्ती, घाबरू नका, बाईंनी सांगितलंय, सात आठशे भरलंय, वाढाय लागलीय. मंग म्या म्हनलं, आपलीच नजर गेली. डोळ्यानं बी दिसंना आन् हाताला बी कळंना झालंय. तुमच्या फोनात खोटं कसं यील?"

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. असता तर किती बरं झालं असतं, शिवलीलाला वाटलं. ही बाई आयुष्यभर करडं हातात घेऊन वजन सांगत आली, तिच्या हाताला नातीचं वजन कळलं होतं, आणि तिने तो हातच खोटा ठरवला. माझ्या दोनशे ग्रॅमवर विश्वास ठेवून. दवाखाना चार कोसांवर होता, बाई उठलेली होती, आणि मी तिथून, बिरोबाच्या ओट्यावरून, तिला परत खाली बसवलं...

आणि श्रीदेवी. तिचा विचार शिवलीला मघापासून टाळत होती. पोषण आहाराची पाकिटं वस्तीवर पाठवायची तर आईच्या मोबाईलवर ओटीपी जायचा, आणि तो विचारायला दर महिन्याला निपाणीला फोन करावा लागायचा. श्रीदेवी पहिल्या रिंगला उचलायची. उसाच्या फडात फोन कुठे ठेवत असेल? कमरेलाच असणार. चार-पाच इयत्ता शिकलेली पोर, एकेक आकडा सावकाश वाचायची, परत एकदा पहिल्यापासून वाचून दाखवायची, आणि मग घाईघाईने विचारायची, बाई, वजन किती भरलं? शिवलीलाच्या यादीत अजून तीस ओटीपी राहिलेले असायचे. सात सहाशे, चांगलं आहे, ठेवते. सात आठशे, चांगलं आहे, ठेवते. त्यावर श्रीदेवीचं एक समाधानाचं "व्हय का" कानावर यायचं, ते पुरतं व्हायच्या आधीच शिवलीलाने फोन कापलेला असायचा. पण तिकडे ती तो आकडा दिवसभर सोबत घेऊन उसाच्या मोळ्या बांधत असेल, संध्याकाळी पाचटाच्या कोपीत नवऱ्याला सांगत असेल.

पर्समध्ये फोन थरथरला. पुन्हा थरथरला. बाराला दहा मिनिटं होती. फोटो चांगला आला असता — लिंब, काटा, आजी, मूल. आणि खरं वजन भरलं तर चौकट एका क्षणात लाल होईल, मग मॅडम विचारतील, महिन्याभरात दीड किलो कसं उतरलं? तेव्हा काटा बिघडला होता, म्हणता येईल. हा काटा बिघडलाय, म्हणता येईल... दोन्ही उत्तरं इतकी तयार होती, जिभेवर येऊन बसलेली, की शिवलीलाला स्वतःचीच किळस आली. मुलगी अंगावर असताना माझ्या डोक्यात आधी उत्तरं आली.

"मावशी, शेळ्या बांधा," ती म्हणाली. "लुगडं बदला. दवाखान्यात जायचंय, मी येते संगट." मल्लम्मा काही न विचारता उठली. गुडघ्यावर हात टेकून उठली आणि गोठ्याकडे गेली, आणि त्या पाठमोऱ्या बाईला 'तुमचा हात खरा होता' एवढं सांगायचं शिवलीलाला जमलं नाही. आधी दुसरीकडे सांगायला हवं, असं तिने स्वतःला बजावलं. हीसुद्धा पळवाट असेल कदाचित.

तिने गंगूला डाव्या खांद्यावर घेतलं आणि उजव्या हाताने फोन लावला.

पहिल्याच रिंगला उचलला. मागे कोयते चालल्याचा आवाज, कुणीतरी बैलांना हाकारत होतं. "थांबा बाई, बघते," श्रीदेवी धापा टाकत म्हणाली, "अजून आला न्हाय वो ओटीपी."

"ओटीपी नको, श्रीदेवी."

मग अगदी बारीक आवाजात: "मंग कशाला फोन केलाव?"

तीन महिन्यांत मी हिला एकदाही, नुसता, पोरीसाठी म्हणून फोन केला नव्हता. तिने तो प्रश्न भीतीने विचारला होता, तक्रार म्हणून नाही, पण शिवलीलाच्या कानशिलांत रक्त चढलं. कानाशी धरलेला फोन दोनदा थरथरला. बारा वाजले असतील. तिने तो कानापासून काढला नाही. खांद्यावर गंगूचा श्वास लागत होता, उथळ, गरम, आणि सहा किलो तीनशे म्हणजे किती ते काट्याशिवाय कळत होतं, सगळ्या हाताला कळत होतं.

"जरा खाली बस, श्रीदेवी," ती म्हणाली.

उसाचा पाला वाजला.

"बसले," श्रीदेवी म्हणाली. आकडे वाचायची तशीच, सांगितलं की लगेच. "बसले, बाई. सांगा."

शिवलीलाने तोंड उघडलं. काटा, जुलाब, मोतीबिंदू, जिभेवर मघाचं सगळं अजून तसंच होतं, आणि त्या सगळ्याच्या खाली कुठेतरी 'मी' हा एकच शब्द होता, ज्याने पुढचं वाक्य सुरू करायला हवं होतं. ती त्याला वर येऊ देत उभी राहिली.