नऊच्या नऊ बंद

भोक एक

आमच्या दवाखान्याच्या जीपला तळाशी नऊ भोकं आहेत. ती कंपनीनेच पाडलेली. आत पाणी साचलं तर बूच काढून सोडून देता यावं म्हणून. म्हणजे ही पाण्याची बाहेर जायची वाट. पण गाडी नदीत घातली की पाणी त्याच वाटेने आत येतं.

मी ही जीप सहा वर्षं चालवते. दर गुरुवारी नर्सला आणि लसींच्या खोक्याला नदीपलीकडच्या वस्तीवर न्यायचं, दुपारी परत आणायचं. पूल नाही, उतार आहे, म्हणजे नदीच्या पात्रातूनच गाडी घालायची. वरच्या धरणातून पाणी सोडलेलं नसलं तर तिथे गुडघाभर पाणी असतं. सोडलेलं असलं तर कमरेपर्यंत.

मागच्या महिन्यात एका गुरुवारी खोकं भिजलं. खोक्याच्या बुडात बॅटरी आहे, तिच्यावर आतला गारवा टिकतो. चार बोटं पाणी आत आलं, बॅटरी बसली, लसी गेल्या. बावीस बाया पोरांना कडेवर घेऊन आल्या होत्या, तशाच परत गेल्या.

डॉक्टर ओरडले नाहीत. चष्मा पुसत म्हणाले, "आणखी एकदा खोकं भिजलं की ही फेरी बंद. ज्यांना हवं त्यांनी नावेतून इकडे यावं."

तान्ह्या पोराला घेऊन त्या नावेत कोणी बसत नाही, हे त्यांना माहीत आहे. आणि फेरी बंद झाली की मी दवाखान्याच्या आवारात गाड्या मागेपुढे करत राहणार, हे मला माहीत आहे.

दोन, तीन, चार, आणि दारं

गाडी दुरुस्त करणारा मिस्त्री म्हणजे माझा नवरा. त्यामुळे तक्रार कुणाकडे करायची हा प्रश्न सहा वर्षं पडला नव्हता.

"नदीत जाऊ नये, हा त्यावरचा सगळ्यात स्वस्त इलाज," तो गाडीखालून म्हणाला.

"दुसरा सांग."

"दुसऱ्याला चार दिवस लागतील."

चार दिवस त्याने खरंच मान वर केली नाही. दारांची रबरं उपटली, ती वाळक्या शेंगेसारखी तडकली होती. नवी बसवली. इंजिनाकडून वायरींचा जुडगा जिथून आत येतो तिथे सिलिकॉन भरलं. गिअरच्या दांड्याखालची रबरी टोपी बदलली. मग मला आत बसवलं, हातात टॉर्च दिला, दारं लावली आणि बाहेरून पाइपने पाण्याचा मारा केला.

"येतंय?"

"नाही."

"नीट बघ. नंतर माझ्या नावाने शंख करशील."

"नाही येत म्हटलं ना."

"आणि खालून?"

"खालून तू बघायचं. बुचं बसवलीस?"

पाइप बंद झाला. जरा वेळ काहीच ऐकू आलं नाही. मग तो म्हणाला, "नऊच्या नऊ बंद."

तो जरा वेळ मी तेव्हा मोजला नाही. नंतर पुष्कळदा मोजला.

पाच

पुढच्या गुरुवारी नदी गुडघाभर होती. लसींचा नवा साठा अजून आला नव्हता, तरी रिकामं खोकं मी मागच्या सीटवर ठेवलं, पट्ट्याने बांधलं. निघायच्या आधी मॅट उचलून खाली अंगाला लावायची पावडर भुरभुरली. सगळीकडे, पातळ. पाणी कुठून आलं ते ओल्या पत्र्यावर कळत नाही, पावडरीवर कळतं.

नर्स शिंकली. "वहिनी, गाडीला नटवून कुणाकडे दाखवायला नेताय?"

नर्स माझ्या नवऱ्याची मामेबहीण. हेही आत्ताच सांगितलेलं बरं.

पलीकडे पोचल्यावर मॅट उचलली. दारांपाशी पावडर कोरडी. वायरींखाली कोरडी. माझ्या सीटखालून मात्र एक ओघळ निघाला होता, पांढऱ्यात काळा. मी सीट पुढे सरकवून हात घातला. तिथे नवव्या नंबरचं भोक आहे, सगळ्यांत मोठं, वाटीएवढं. माझी बोटं थेट आरपार गेली आणि खालच्या हवेला लागली.

बूच सैल झालं असतं तर लोंबत असतं. पडलं असतं तर काठाला ओरखडा असता. काठावर ताजं ग्रीस होतं, गोल, नीट पुसलेलं. कुणीतरी बूच सावकाश काढून नेलं होतं.

सहा

सहावं बंद होतं. त्याच्याबद्दल माझी काही तक्रार नाही.

सात

मी घरी काही बोलले नाही. "कशी झाली?" असं त्याने विचारलं, मी "छान" म्हटलं. "पाणी?" "थेंब नाही." यावर त्याने माझ्याकडे पाहिलं, आणि ते पाहणं मला आवडलं नाही. थेंब नाही म्हटल्यावर मिस्त्रीने खूश व्हायला हवं. हा विचारात पडला.

शनिवारी त्याची विजार धुवायला घेतली. खिशात दोन नट, विडीचं थोटूक (सोडली म्हणतो), आणि वाटीएवढं रबरी बूच. नवंकोरं. मी ते हातात धरून बाथरूमच्या स्टुलावर बराच वेळ बसून राहिले. मग परत खिशात घातलं आणि विजार न धुताच खुंटीला लावली.

"विजार नाही धुतली?"

"साबण संपला."

त्याने खिसा चाचपला. मला दिसेल इतकं नाही, पण चाचपला.

आठ

संशय आला की माणसाला मागचं सगळं नव्याने दिसतं. 'सोड ती फेरी' असं तो दर पावसाळ्यात म्हणतो. 'दवाखान्यात बस, पगार तोच आहे' असं म्हणतो. एकदा माझ्या आईला मध्ये घालून म्हणाला होता. आता त्याला बोलायची गरज राहिली नव्हती. एक बूच खिशात ठेवायचं, खोकं एकदा भिजू द्यायचं, पुढचं काम डॉक्टर करणार. आणि हात वर करून म्हणता येणार, बघ बाई, मी तर सगळं केलं.

सोमवारी तो डॉक्टरांच्या खोलीतून बाहेर पडताना दिसला. माझ्या हातात डिझेलचा कॅन होता. त्याने मला पाहिलं नाही.

मी नर्सला गाठलं. ती पट्ट्या मोजत होती.

"तुझा दादा कशाला आला होता?"

"मला काय ठाऊक? मी खोलीत होते का?"

"दाराशी होतीस."

"वहिनी, मी दाराशी असते कारण माझं टेबल दाराशी आहे." ती हसली, मग हसायची थांबली. "तुमच्याबद्दल काहीतरी चाललं होतं. पुढचं ऐकू आलं नाही. खरंच."

दादाच्या बहिणीने 'खरंच' म्हटलेलं किती धरायचं, ते मी ठरवू शकले नाही.

बुधवारी संध्याकाळी तो सामान आणायला गेला तेव्हा मी गाडीखाली शिरले. जुन्या ट्यूबचा गोल तुकडा कापला, वरून पत्र्याची चकती ठेवली, चारही बाजूंनी सिलिकॉन फासलं आणि काळं ग्रीस लावून ते जुनं दिसेल असं केलं. बाकीची आठ बोटाने दाबून पाहिली. आता मात्र नऊच्या नऊ बंद होती, आणि हे जगात फक्त मला ठाऊक होतं.

नऊ

गुरुवारी धरणातून पाणी सोडलेलं होतं.

काठावर उभं राहून मी बांबूंकडे पाहिलं. उताराच्या दोन्ही अंगांना बांबू रोवलेले आहेत, त्यांच्या मधून गाडी न्यायची. पाणी कमरेपर्यंत होतं, जरा जास्तच. परत फिरता आलं असतं. पण तीन आठवडे टोचायची राहिलेली पोरं पलीकडे होती. शिवाय, खोटं कशाला बोलू, मला त्याला कोरडी गाडी परत नेऊन दाखवायची होती.

"खोकं मांडीवर घे," मी नर्सला म्हटलं.

पहिला गिअर, सावकाश. पाणी बंपरला लागलं, दारापर्यंत चढलं, काचेच्या खाली दोन वीत राहिलं. आत थेंब नाही. पायाखाली कोरडं. मला हसू आलं.

मग स्टिअरिंग हलकं झालं.

म्हणजे असं की मी ते फिरवलं आणि फिरवल्याचं कुणालाच काही वाटलं नाही. चाकांचा आवाज बदलला. दगडांचा खडखड थांबला. डावीकडचा बांबू आधी नर्सच्या बाजूला होता, मग नर्ससमोर आला, मग माझ्यासमोर, मग माझ्या खिडकीला घासून मागे गेला.

"वहिनी," नर्स हळूच म्हणाली, "आपण जातोय की आपल्याला नेतायत?"

गाडी तरंगत होती. आत पाणी नाही म्हणजे आत हवा. आम्ही नऊ भोकं बुजवलेलं एक घमेलं झालो होतो, आणि घमेल्याला गिअर नसतो. उजवीकडून धार ढकलत होती, डावीकडे पन्नास पावलांवर डोह. हे मला त्या दोन सेकंदांत कळलं, आणि त्याच्याबरोबरच आणखी एक गोष्ट कळली, की हे दुसऱ्या कुणाला तरी आधीच कळलेलं होतं.

"तुझ्याकडचं दार उघड."

"काय उघडू?"

"दार. पाणी आत येऊ दे. खोकं डोक्यावर घे आणि दार उघड."

"आणि डॉक्टर?"

"डॉक्टर दवाखान्यात कोरडे बसलेत."

तिने एका हाताने खोकं डोक्यावर धरलं, दुसऱ्या हाताने कडी ओढली आणि खांद्याने दार ढकललं. वीतभर उघडलं. पाणी आत आलं ते ओळखीच्या घरात शिरावं तसं. पोटऱ्यांपर्यंत, मग गुडघ्यापर्यंत. गाडी खाली बसली. दगड पुन्हा वाजले. एक चाक लागलं, मग दुसरं. मी दुसऱ्याही बाजूचं दार लोटलं आणि पाण्यातच बसून, दात आवळून, गाडी पलीकडच्या काठावर काढली.

खोकं कोरडं होतं. तेवीस पोरांना टोचलं. एक जास्तीचं आलं होतं.

दहावं, गाडीला नसलेलं

नर्सने तिथूनच डॉक्टरांना फोन लावला. मी शेजारी बसून चपला पिळत होते.

"हो सर, झालं. नाही, खोकं कोरडं आहे. गाडीत? गाडीत पाणी आलं नाही सर, आणलं." तिने फोन दुसऱ्या कानाला लावला. "नाही, चुकून नाही. वहिनींनी आणलं. नसतं आणलं तर मी आत्ता बोलत नसते."

दादाच्या बहिणीबद्दल माझं मत तिथे थोडं बदललं. थोडंच.

परतताना पाणी उतरलेलं होतं. गाडी मिस्त्रीखान्यात उभी केली. तो सरळ खाली शिरला. त्याचे पाय बाहेर दिसत होते. बराच वेळ ते पाय हलले नाहीत.

"हे कुणी बुजवलं?"

"मी."

"कधी?"

"तू सामान आणायला गेलास तेव्हा. आणि बूच तुझ्या खिशात आहे, ते मला शनिवारपासून माहीत आहे."

तो बाहेर आला. जमिनीवरच बसला. हात पुसायला फडकं शोधू लागला, ते त्याच्या खांद्यावरच होतं.

"दारांना नवी रबरं घातली आणि मग लक्षात आलं," तो म्हणाला. "आता ही तरंगणार. म्हणून एक मोठं भोक उघडं ठेवलं. आत थोडं येत राहील, वजन राहील."

"मग मला नऊच्या नऊ बंद कशाला म्हणालास?"

"तुला एक उघडं आहे म्हटलं असतं, तर तू काय केलं असतंस?"

मी काय केलं असतं ते गाडीखाली चिकटलेलं होतं, त्यामुळे बोलण्यात अर्थ नव्हता.

"खोकं भिजलं असतं तर?"

"खोकं छताला टांगू द्या म्हणून डॉक्टरांना सांगायला गेलो होतो."

"एवढंच सांगितलंस?"

इथे तो गप्प बसला. पुन्हा तसाच, जरा वेळ. या वेळी मी मोजला.

"डॉक्टर म्हणाले बघू," तो म्हणाला. "मग मी म्हटलं, टांगायचं नसेल तर ड्रायव्हर तरी दुसरा बघा."

म्हणजे संशय अर्धा चुकला होता आणि अर्धा बरोबर निघाला होता. पूर्ण चुकला असता तर मी त्याची माफी मागितली असती. पूर्ण बरोबर निघाला असता तर काय केलं असतं तेही ठरलेलं होतं. अर्ध्याचं काय करतात ते मला कुणी शिकवलेलं नाही.

"उद्या डॉक्टरांकडे जायचं," मी म्हटलं. "दुसरा ड्रायव्हर नको, हे तूच सांगायचं. आणि पुढच्या गुरुवारी गाडीत बसायचं."

"मी?"

"तू. दार कधी उघडायचं ते तुला आधी कळतं ना."

त्याने पाना उचलला, ठेवला, पुन्हा उचलला.

"मला पोहता येत नाही," तो म्हणाला.

अकरा वर्षं झाली लग्नाला. मी त्याच्या तोंडाकडे पाहिलं, नीट पाहिलं. ते खरं होतं की गुरुवार टाळायला आत्ता सुचलेलं होतं, मला सांगता येईना.

"साडेसातला निघतो आपण," मी म्हटलं.