नाखवाबाईंची चौथी कॅसेट

"ऐका, काय लिहिलंय ते," रेगे सर चष्मा वर सरकवत म्हणाले आणि त्यांनी पोस्टकार्ड मोठ्याने वाचलं. "'बाई, भूमितीच्या कॅसेटमध्ये तुम्ही म्हणता, इथून इथपर्यंत रेघ काढा. इथून म्हणजे कुठून? मी तीनदा ऐकलं. चुकले असेन तर माफी असावी. तुळसा जाधव, कल्याण.'"

खोलीतले दोघे-तिघे शिक्षक हसले. सगुणाबाई नाखवा हसल्या नाहीत.

टेंभी नाक्याजवळ दोन खोल्यांत रेगे सरांची पत्रद्वारा शाळा चालायची. शिक्षण सुटलेल्या बायका-मुली सतरा नंबरचा फॉर्म भरून दहावीला बाहेरून बसायच्या. त्यांना टपालाने धडे आणि कॅसेट जायच्या. गुरुदत्त रेगे निवृत्त मुख्याध्यापक, इंग्रजी ते स्वतः शिकवत. सगुणाबाई कळव्याच्या शाळेत बावीस वर्षं गणित शिकवत होत्या आणि शनिवारी दुपारी इथे येऊन कॅसेट भरायच्या.

"आकृती पुस्तकात छापलेली आहे," सर म्हणाले. "तेवढं कळवून टाका."

"सर, आपल्याला हे शिकवलंय का कुणी?"

"काय?"

"समोर नसलेल्या बाईला शिकवायला. फळा नाही, तिचं तोंड दिसत नाही. कळलं की नाही, हे कशावरून ओळखायचं?"

"तुमचं डी.एड. झालंय ना?"

"डी.एड.ला वर्ग समोर होता, सर."

सरांनी पोस्टकार्ड सगुणाबाईंच्या हातात दिलं.

तुळसाचा फॉर्म बाईंनी काढून पाहिला. वय सत्तावीस, दोन मुलं, एका दवाखान्यात आया. शिकण्याचा हेतू या रकान्यात तिने लिहिलं होतं, 'नर्सच्या ट्रेनिंगला दहावी पास लागते.' गणितात ती दोनदा नापास झाली होती. परीक्षा मार्चमध्ये होती आणि नोव्हेंबर संपत आला होता.

दुसऱ्या दिवशी रविवार. सगुणाबाईंच्या सासूबाई, गोदूबाई, ओट्यावर सुकं बोंबील निवडत बसल्या होत्या. बाईंनी त्यांच्या हातात पाटी-पेन्सिल दिली आणि स्वतः त्यांच्याकडे पाठ करून बसल्या.

"आई, मी सांगते तसं काढा. एक रेघ ओढा. आता वर टिंब काढा. दोन्ही टोकं त्याला जोडा."

मागे वळून पाहिलं तर पाटीवर तीन रेघा तीन दिशांना गेल्या होत्या.

"आगो, मना नाय समाजलं," गोदूबाई वैतागल्या. "कोनाला सांगतंस, मना का भिंतीला? वर म्हंजे कवरा वर?"

सगुणाबाईंनी पुन्हा सांगितलं, जास्त सविस्तर आणि जास्त भरभर. गोदूबाईंनी पाटी खाली ठेवली.

"माजी आतू आंधली व्हती. तिनंच मना जालं विनाला शिकवलं. कदी 'बग' नाय बोलली. 'दोरी आंगठ्यावरशी घे,' बोलाची. मंग गप ऱ्हायाची. माजा हात व्हईपरयंत गप. तू तं थांबतच नाय गो!"

सगुणाबाई सासूच्या तोंडाकडे पाहत राहिल्या. वर्गात त्या थांबायच्या. पोरांच्या माना वहीवर खाली गेल्या, की आपोआप थांबायच्या. मशीनपुढे मात्र टेप संपेल या धास्तीने बोलतच सुटायच्या.

संध्याकाळपर्यंत दोघी पाठीला पाठ लावून बसल्या. शेवटी गोदूबाईंच्या पाटीवर जरा कललेला, पण त्रिकोण उभा राहिला. "हाच का तुजा तिरकोन?" म्हणत त्यांनी शेजारच्या कलावतीला हाक मारून तो दाखवला.

पुढच्या शनिवारी बाईंनी भूमितीची ती चौथी कॅसेट नव्याने भरली. रेगे सरांनी ती लावून पाहिली. 'वहीच्या डाव्या कडेपासून चार बोटं सोडा. तिथे एक टिंब काढा. त्याला क म्हणा.' मग नुसती खरखर.

"मशीन बिघडलं वाटतं. आवाज गेला."

"नाही सर. तिथे मी थांबलेय. ती टिंब काढतेय."

"अहो, निम्मी टेप रिकामी जाईल अशाने!"

"जाऊ दे. धडे दोन कॅसेटींत करू."

सरांना ते पटलं नाही, पण त्यांनी कॅसेट पाठवली. दहा दिवसांनी कल्याणहून पाकीट आलं. आत एकच कागद होता. त्यावर त्रिकोण, त्याचे तिन्ही दुभाजक एका बिंदूत मिळालेले, आणि खाली लिहिलेलं, 'बाई, मध्ये मी भातही उतरवून आले.'

जूनमध्ये निकाल लागला. तुळसाला गणितात सत्तेचाळीस गुण होते. इंग्रजीत एकोणतीस.

रेगे सरांनी गुणपत्रिकेची नक्कल बराच वेळ समोर धरली होती. शेवटी सगळे गेल्यावर ते सगुणाबाईंच्या टेबलापाशी आले.

"माझी पोर माझ्या विषयात राहिली," ते म्हणाले. "नाखवाबाई, माझी कॅसेट ऐकाल? काय चुकतं ते सांगा. भीड ठेवू नका."

बाईंनी ऐकली. सरांचे उच्चार स्वच्छ होते, आवाज भारदस्त होता. पण एक वाक्य कानात बसायच्या आत दुसरं येत होतं. बाईंनी तसं सांगितलं. त्रेसष्ट वर्षांचे सर मान खाली घालून टिपून घेत होते. जुलैभर त्यांनी बाराच्या बारा कॅसेट पुन्हा भरल्या. ऑगस्टमध्ये एकदा ते स्वतः कल्याणला जाऊन तुळसाच्या घरी स्टुलावर बसून आले. ती कॅसेट कधी ऐकते, मुलं झोपल्यावर की ड्युटीआधी, हे विचारायला.

ऑक्टोबरच्या परीक्षेत तुळसाला इंग्रजीत एक्केचाळीस गुण मिळाले. जानेवारीत तिला नर्सच्या ट्रेनिंगला प्रवेश मिळाल्याचं पत्र आलं.

त्याच महिन्यात सरांनी शाळेत सूचना लावली. दर शनिवारी दोन वाजता शिक्षकांचा वर्ग भरेल, शिकवणार सौ. सगुणा नाखवा, सर्वांनी हजर राहावे.

सगुणाबाई पावणेदोनला पोचल्या, तर पहिल्या बाकावर रेगे सर आधीच बसलेले. पुढ्यात कोरी वही. मुखपृष्ठावर त्यांनी वळणदार अक्षरात आपलं नाव घातलं. 'इयत्ता' या शब्दापुढे पेन क्षणभर अडलं. मग त्यांनी 'पहिली' असं लिहिलं आणि वहीचं पहिलं पान उघडलं.